हवेचा पाइप

आमच्या घरात नाक म्हणावं असं एकट्या माझ्याकडेच आहे. सासूबाईंचं तपकिरीनं गेलं. धाकटा दीर गजेंद्र, त्याच्या तोंडात सकाळपासून मावा. त्याला स्वतःच्या मोज्यांचा वास येत नाही, तिथं बाकीच्या जगाचं काय? आणि यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, धर्मेंद्रचं नाक सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलनं खाल्लं. लग्नाआधी हे तिथं रंगाच्या टाक्यांवर कामाला होते. मिल सोडली तेव्हा हातांचा रंग हळूहळू गेला, नाक मात्र परत आलं नाही. वरण करपून घरभर धूर झाला तरी समोर बसून विचारतात, आज काय केलंय?

त्यामुळे सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या गल्लीत कुठं काही जळलं, कुजलं, सांडलं की पहिली मी बोलते आणि पहिलं हसं माझंच होतं. 'रंजनाले वास उना,' रंजनाला वास आला, असं सासूबाई म्हणाल्या की घर खिदळायला लागतं. बरीच वर्षं मीही त्या हसण्यात सामील होते. आता कोणी तसं म्हणत नाही.

हे जवळच्या सचिन गावातल्या एका खात्यात फिटर आहेत. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. यांच्या खात्यातले लूम हवेवर चालतात. हवेच्या झोतानं धागा इकडून तिकडे फेकला जातो. अख्ख्या खात्यात निळ्या प्लास्टिकच्या पाइपांचं जाळं असतं आणि त्यातून दिवसरात्र हवा पळते. लूम अडलं की मालक आधी यांना फोन लावतो, मग देवाचं नाव घेतो. माणूस हुशार आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण हुशार माणसाला एकदा कोणी हुशार म्हटलं की त्याला आवरणं कठीण, आणि यांना तर सगळी गल्ली म्हणायची.

तो निळा पाइप आमच्या घरात सगळीकडे. खात्यातून उरलेले तुकडे हे पिशवीत घालून आणायचे. कुलरला तो, पाण्याच्या टाकीला तो, गॅलरीतल्या तुळशीला पाणी जातं ते त्याच पाइपातून. जोडणीला खटका असतो. पाइप आत दाबला की टिक् करून बसतो, सुटत नाही. गल्लीत कोणाचा नळ गळला की यांची हाक. खात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी थोड्याफार फरकानं हेच. कोणाला त्यात वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी यांचा हात लूममध्ये सापडला. बोटं जातील असं डॉक्टर म्हणत होते, पण राहिली. तेव्हा सासूबाई, सुंदराबाई, वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलल्या होत्या: माझ्या धर्माचा हात वाचव, पुढच्या घटस्थापनेला तुझी जोत माझ्या गाडीच्या सोबतीनं येईल.

आमच्या मंडळाचे तरुण दरवर्षी वणीच्या गडावर जातात. तिथं मशाल पेटवून घेतात आणि आळीपाळीनं पळत ती डिंडोलीपर्यंत आणतात. सापुताऱ्याचा घाट, वघई, उनाई, पलसाणा करत. ती जोत वाटेत विझू द्यायची नाही. त्या ज्योतीनंच गल्लीतल्या घटासमोरचा दिवा लागतो. पळणाऱ्यांच्या मागं एक गाडी लागते, तेलाचे डबे, कपडे आणि दमलेली पोरं घेऊन. एरवी मंडळ टेम्पो भाड्यानं घ्यायचं. यंदा आमची व्हॅन जायची ठरली.

व्हॅन जुनी. गजेंद्र तीत साड्यांचे पार्सल मार्केटला पोचवतो. मोकळ्या रस्त्यावर बरी चालायची, पण हळू चालवली की तापायची, आणि तापली की इंजिनपर्यंत पेट्रोल पोचायचं नाही. मधेच आचके देऊन उभी राहायची. पळणाऱ्या माणसामागं घाट चढायचा म्हणजे सगळा रस्ता मुंगीच्या पावलानं जायचं. गजेंद्र म्हणाला, गॅरेजला टाकू. झालं! यांना ते इतकं लागलं की जेवता जेवता हात थांबला.

"घरमां फिटर शे, नि गाडी गॅरेजले?"

सुट्टीच्या दिवशी यांनी गल्लीतच व्हॅन उघडली. पुढच्या सीटखालीच इंजिन, त्यामुळे सीट उचलली की सगळं समोर. जुना पंप काढून टाकला. भंगार बाजारातून आणलेला विजेवर चालणारा पंप खाली बसवला. टाकीपासून येणारा लोखंडी पाइप गंजला होता, तो कापला. आणि त्याच्या जागी टाकला तो निळा पाइप. गरम भागापासून दूर वळवून, सुंदर टाके घातल्यासारखा पट्ट्यांनी बांधत नेलेला. काम देखणं होतं. भिकन नाना, आमच्या मंडळाचे प्रमुख, कमरेवर हात ठेवून बघत होते. मी विचारलं, हा हवेचा पाइप पेट्रोलला चालतो का?

"हाऊ पाइप सहा किलो हवा धरस, रातदिन," हे म्हणाले. "पेट्रोलले कितला जोर राहस? नुसतं वाहस ते."

नानांनी मान डोलावली. जोराची परीक्षा यांनी घेतली होती. पेट्रोल प्लास्टिकचं काय करतं हा प्रश्न हवेवर आयुष्य काढलेल्या माणसाला पडलाच नाही. व्हॅन एका चावीत सुरू झाली, न गुरगुरता चालत राहिली. नानांनी तिथल्या तिथं नारळ फोडला.

नारळाचं पाणी जमिनीवर पडलं आणि त्याच वेळी मला तो वास आला. गोडसर, नाकात टोचणारा. अगदी थोडा.

मी म्हटलं, पेट्रोलचा वास येतोय. सासूबाई म्हणाल्या, रंजनाले वास उना. सगळे हसले. यांनी एकेका जोडावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट माझ्या डोळ्यांपुढं धरलं. "देख. कोरडं शे." बोट खरंच कोरडं होतं. मग मी काय बोलणार?

पण वास गेला नाही. सकाळी दार उघडलं की तो असायचा, दुपारी उन्हात वाढायचा. गल्लीतली मांजर रोज व्हॅनखाली सावलीला झोपायची, ती समोरच्या मंदाबाईंच्या पायरीवर जाऊन झोपायला लागली. मी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. दिवसभर गोंद आणि थिनर नाकाशी असतो, तरी त्यातून हा वास वेगळा ओळखू यायचा. मला धड झोप लागेना. सारखं वाटायचं, कोणीतरी दाराशी येऊन उभं आहे आणि हाक मारत नाही.

एकदा गजेंद्र पार्सल उतरवून आत चहाला आला तेव्हा मी जाऊन सीट उचलली. पाइप बसवला तेव्हा शाईसारखा निळा होता. आता तो फिकट, धुरकट दिसत होता, घामेजल्यासारखा. मी बोटानं दाबला. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

हे कामावरून आले तसं मी यांना चप्पल काढू न देता गाडीकडं नेलं. यांनी पाइप बघितला. बराच वेळ बघितला. काहीतरी चुकतंय हे यांनाही कळलं असणार, कारण चेहरा पडला होता. पण तेवढ्यात नाना आले, आणि नानांसमोर हे म्हणाले, "तू साडीवर टिकल्या चिकटाड. मी तुले कधी सांगस का, कोठे चिकटाडानी ते?"

त्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या त्या रागानं, आणि कोणी कशा झाल्या म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या सुट्टीला यांनी तो मऊ पडलेला तुकडा काढला आणि पिशवीतल्या त्याच गुंडाळीतला नवा निळा तुकडा टाकला. जोडावर जास्तीची एक पट्टी आवळली. माझ्या बोलण्याला मान दिला, असं त्यांना वाटत होतं.

गडावर निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं सांगून बघितलं. टेम्पो घ्या. व्हॅन नको. ज्या गाडीत पेट्रोल गळतं तिच्यासोबत पेटती मशाल नेऊ नका. सासूबाई देवघरापुढं वाती वळत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या.

"अभद्र बोलू नको! माले एकच भ्याव शे, जोत इझाले नको. वाटमां जोत इझनी ते घरवर काय ई, तुले ठाऊक नही."

त्या घरात प्रत्येकाला ज्योत विझण्याची भीती होती. ती जळत असण्याची भीती मला एकटीला होती. आणि यांनी तर बॅग भरून ठेवली होती, कारण आपण बसवलेला पंप घाट कसा चढतो ते यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

निघताना मी यांच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकू नाकावर सांडलं. हे हसले. "आते नाक लाल व्हयनं, वास येवाले लागी." मला हसू आलं नाही. मला त्यांचा हात धरून त्यांना घरात ओढावंसं वाटत होतं, आणि मी तो धरला नाही, कारण सगळी गल्ली बघत होती.

मग सुरू झाले फोन. गडावर मशाल पेटली. पायथ्याच्या नांदुरी गावात उतरली. सापुताऱ्याचा घाट व्हॅननं एकदाही न थांबता पार केला, हे सांगताना यांचा आवाज इतका खुलला होता की मला त्यांच्यासाठी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? क्षणभर वाटलं, आपणच वेड्या.

मी म्हटलं, "गजूभाऊला फोन द्या." गजेंद्र व्हॅन चालवत होता. त्याला विचारलं, वास येतो का?

"थोडा आता है, भाभी," तो म्हणाला. आमचा गजू घाबरला की हिंदीत जातो. "पण काचा सगळ्या उघड्या ठेवल्यात. टेन्शन नका घेऊ."

ज्याला स्वतःच्या मोज्यांचा वास येत नाही, त्याला येत होता.

उनाईहून नानांचा फोन सासूबाईंना आला. नाना भारावले होते. म्हणाले, यंदा पोरांची भक्ती काही औरच. दमली तरी गाडीत बसायला कोणी तयार नाही. जो बसतो तो डोकं धरून थोड्या वेळात उतरतो आणि पळायला लागतो. देवीच पळवते आहे. सासूबाईंनी फोन कपाळाला लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. पोरं देवीसाठी गाडीतून उतरत नव्हती, हे मला इथं डिंडोलीत बसून कळत होतं आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या नानांना कळत नव्हतं. मी यांना पुन्हा फोन लावला. लागला नाही. गजेंद्रचाही लागला नाही.

ज्योतीला सामोरं जायला गल्लीतल्या बायका टेम्पोनं पलसाण्याला जातात. डोक्यावर पाण्याच्या घागरी असतात; ज्याच्या हातात मशाल असेल त्याच्या पायांवर पाणी घालायचं, ओवाळायचं आणि मग तिथून वाजत गाजत निघायचं. सासूबाईंनी आरतीचं ताट धरलं होतं. मंदाबाई माझ्या शेजारी घागर घेऊन उभ्या. ढोलवाले आधीच सुरू झाले होते. आभाळ सकाळपासून भरलेलं. हायवेवरच्या मिलच्या चिमण्यांचा धूर वर न जाता खालीच पसरला होता. मी सारखी रस्त्याकडं बघत होते आणि मनात एकच चाललं होतं: चालत येऊ दे, गाडी वाटेत बंद पडलेली असू दे.

पण गाडी बंद पडली नव्हती. आधी मशाल दिसली, ती नानांच्या मुलाच्या, विकासच्या हातात. मागं व्हॅन, अगदी हळू, एकसुरात चालणारी. इतकी चांगली ती कधीच चालली नव्हती. आणि तिच्या सगळ्या काचा बंद होत्या, कारण मागच्या गावापासून पावसानं गाठलं होतं.

ते आमच्यापाशी पोचले आणि पाऊस एकदम वाढला. दोघांनी मशालीवर प्लास्टिकचा कागद धरला होता, तो वाऱ्यानं फडफडत उडाला. ज्योत आडवी झाली, निळी झाली. बायका किंचाळल्या. नाना ओरडले, "जोत गाडीमां ल्या! दार उघाडा!"

मी पुढं धावले, यांच्या दाराकडं. यांनी दार उघडलं. आतून जो वास बाहेर आला त्यानं माझे डोळे भरून आले. हे मात्र हसत होते. दमलेले, दाढी वाढलेली, लहान पोरासारखा आनंद तोंडावर.

"एकदाबी बंद नही पडनी," म्हणाले. आणि पाय उचलून दाखवत, "देख ना, चप्पल वल्ल्या व्हयन्यात. पाऊस मजार उना, गाडीमां."

मी वाकून पायाखालच्या चटईला हात लावला. ते पाणी नव्हतं. पाणी बोटांवर असं गार होऊन उडत नाही.

मी ओरडले. ढोलांत ते कोणाला ऐकू गेलं नसावं. मागचं सरकतं दार गजेंद्रनं उतरून उघडलं होतं आणि विकास एक पाय आत टाकत होता, मशाल छातीशी धरून, ती विझू नये म्हणून तिला स्वतःच्या अंगानं झाकत. मी मंदाबाईंच्या डोक्यावरची घागर ओढली. धावत गेले आणि ती अख्खी घागर मशालीवर पालथी केली.

चर्र आवाज झाला आणि पांढरा धूर निघाला. मग ढोल थांबले.

पावसाचा आवाज तेवढा येत होता. विकास हातातल्या काळ्या मशालीकडं बघत राहिला, मग ती तशीच खाली ठेवून रडायला लागला. सासूबाईंनी ताट मंदाबाईंच्या हातात दिलं, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या तोंडात मारली. मी गाल धरला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

हे उतरून आले. यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सगळ्या गल्लीसमोर यांच्या बायकोनं देवीची ज्योत विझवली होती. "काय करं तू हाई?" एवढंच म्हणाले.

"पेट्रोल शे. चपलांवर पेट्रोल शे तुमच्या. सीट उचला, बघा."

मला खोटी ठरवायलाच हे तरातरा पुढं गेले, पुढच्या दारातून आत वाकले आणि सीट वर केली. मी यांच्या मागं होते. निळा पाइप आता निळा राहिलाच नव्हता. जोडापाशी फुगून फाटला होता आणि आतून पेट्रोल नुसतं पाझरत नव्हतं, वाहत होतं. यांनी दोन बोटांत तो धरला. तो शिजल्यासारखा चेपला. इतक्या मोठ्या रस्त्यात जे नाकाला कळलं नाही ते बोटांना कळलं.

"गजा," हे हळू म्हणाले, "गाडी बंद कर." गजेंद्रनं पलीकडून हात घालून चावी फिरवली. इंजिन थांबलं. मग यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला वाटलं, सुटलो. देवी, तू आहेस.

हे पुन्हा आत वाकले, गळणारा पाइप हातानं मुडपून धरायला.

आणि मला मागून नानांचा आवाज आला. "सुंदराबाई, वात गरम शे का देखा. वात गरम शे तवलोंग जोत मरत नही. लगेच लावी टाका."

मी वळले. मशाल सासूबाईंच्या हातात होती. तिच्या चिंध्यांच्या बोळ्यातून अजून धूर निघत होता. तेलाचा डबा व्हॅनमध्येच होता. त्यांनी बोळा त्यात बुडवून काढला होता. बाहेर पाऊस, म्हणून त्या सरकत्या दारातून अर्ध्या आत वाकल्या होत्या, लोकांकडं पाठ करून. ताटातली काडेपेटी त्यांच्या हातात होती. एक काडी ओढली, ती ओली निघाली, त्यांनी ती टाकली. दुसरी घेतली. त्या देवीचं नाव घेत होत्या.

मी ओरडले, "आत्याबाई!" लोकांना वाटलं, थपडेचा राग काढते आहे. मंदाबाईंनी माझा दंड धरला.

आग काडीपाशी पेटली असं म्हणवत नाही. ती एकदम सगळीकडं होती, आणि सगळ्यात जास्त पुढं, सीटखाली, जिथं हे वाकले होते.

गजेंद्र आणि विकासनं यांना पाय धरून ओढलं. सासूबाईही आगीतच घुसल्या. यांचा शर्ट त्यांनी हातांनी फाडला. पाऊस होता म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मी बोलत नाही. व्हॅन रस्त्याच्या कडेला जळत राहिली.

हे वाचतील असं डॉक्टर आता म्हणतात. तोंड, मान, दोन्ही हात. डोळे वाचले. सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात एकेकालाच आत सोडतात, तेही तोंडाला फडकं बांधून. सासूबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेत. पोराला ओढताना भाजले, असं सगळे म्हणतात, आणि तेही खरंच आहे. काडीचं कोणी बोलत नाही. कोणी पाहिलीच नाही. सासूबाई स्वतः सांगतात, काड्या ओल्या होत्या, एकही पेटली नाही, तेवढ्यात देवीनं दणका दिला.

दणका कशाचा, ते सगळ्या डिंडोलीला ठाऊक आहे. रंजनानं जोत विझवली. श्वास घ्यायचीही सवड न देता देवीनं हिशेब केला. नानांनी दुसऱ्या मंडळाकडून ज्योत मागून आणली आणि गल्लीत घट बसला, पण तिकडं मला कोणी बोलावलं नाही. माझ्या हातचं पाणी मंदाबाई घेत नाहीत. गजेंद्रसुद्धा माझ्याशी बोलताना खाली बघतो. त्याला वास आला होता. तो हे कुठंच बोलला नाही.

काल यांना पहिल्यांदा नीट बोलता आलं. मी कान तोंडाशी नेला.

"आयनी काडी वढी व्हती," हे म्हणाले. "मी मजार वाकेल व्हतो. माले काडीना आवाज उना."

मी मान हलवली.

"तिले नको सांगजो. तिले वाटस, काडी वल्ली व्हती. तसंच वाटू दे. नही ते ती मरी जाई."

"आणि गल्लीला काय सांगू?"

यांना श्वास घ्यायलाही त्रास होत होता. "गल्ली जे म्हनस ते म्हनू दे."

मला इतका राग आला की समोर जळालेला माणूस आहे हे विसरले. मी म्हटलं, "पाइप तुमचा, काडी तुमच्या आईची, आणि पाप माझं?"

यांनी डोळे मिटले. पट्टीच्या कडेतून पाणी आलं ते मी कापसानं टिपलं, कारण मीठ भाजलेल्या जागी झोंबतं असं नर्सनं सांगितलं होतं. मग मी फडकं सोडलं आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या, बांधलेले हात मांडीवर वर करून ठेवलेले. नवरात्राचा उपास त्यांनी सोडलेला नाही. त्यांना स्वतःच्या हातानं खाता येत नाही आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातानं त्या खात नाहीत, त्यामुळे भगरीचा डबा मीच उघडते. मी शेजारी बसले, घास केला. त्यांनी तो खाल्ला.

"काय म्हने धर्मा?"

"तुमची आठवण काढत होते."

त्यांनी वॉर्डाच्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मार बसला त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्या माझ्याकडं सरळ बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती.

"नि तुले?" त्यांनी हळूच विचारलं. "तुले माफ करं का त्यानी?"

माझ्या हातात पुढचा घास होता.

"हो," मी म्हटलं. "केलं माफ."

त्यांनी तोंड उघडलं, आणि मी घास भरवला.